भरल्या डब्याचा संशय

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझा कोणावरच विश्वास उरला नव्हता. त्या वेळी मला तो अविश्वास वाटायचा नाही, सावधपणा वाटायचा. दुपारी जेवणाच्या वेळेला बेल वाजायची आणि ती वाजण्याआधीच मी दारामागे येऊन उभा राहिलेलो असायचो. शेजारच्या काकूंच्या सपातांचा आवाज मला त्यांचं दार उघडल्यापासून ऐकू यायचा. मी दार उघडलं की त्यांच्या हातात तो स्टीलचा डबा असायचा. "गरम आहे रे, लगेच खा," एवढं बोलून त्या वळायच्या. मी डबा ओट्यावर ठेवायचो आणि झाकण न काढता त्याच्याकडे बघत राहायचो. यांना माझ्याकडून नक्की काय हवं आहे?

मी भाषांतरं तपासतो. ठाण्यात माजिवड्याला आमचं ऑफिस आहे, खिडकीच्या उंचीवर उड्डाणपूल आहे. वॉशिंग मशीन आणि मिक्सरबरोबर येणारी माहितीपुस्तकं, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली पातळ पत्रकं, विम्याच्या बारीक टायपातल्या अटी, असं सगळं इंग्रजीतून मराठीत येतं आणि छापायला जाण्याआधी माझ्याकडून जातं. जे सहसा कोणीच वाचत नाही ते मी वाचतो आणि मग पुन्हा एकदा वाचतो. या कामाची मला कधी लाज वाटली नाही. घरी आलो की माझी स्वतःची पुस्तकं असायची. वाचन हा माझा छंद आहे असं लोक म्हणायचे. मला ते नीटसं पटायचं नाही. ती माझी बसायची जागा होती.

आईच्या शेवटच्या वर्षात मी डोंबिवलीच्या घरातूनच काम केलं. तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवून बसायचो. ती म्हणायची, "तुझं टकटक चालू असलं की बरं वाटतं, घरात कोणीतरी आहे असं." ती दिवाळीनंतर गेली. मी लग्न केलेलं नाही, आणि ताई कल्याणला तिच्या घरी. दहाव्याचं आटोपून घाटावरून परत आलो, तेव्हा बाहेरच्या खोलीत नातेवाईक सतरंजीवर बसले होते. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. कोणी काही बोललं नाही. उलट एका मामांनी बाहेर म्हटलेलं मला ऐकू आलं, "कामात मन रमवतोय. शहाणा आहे."

मग मी आणखी शहाणपणा केला. कोणी रजेवर गेलं की त्याचं काम मागून घेऊ लागलो. कोणी मेलवर आभार मानले की त्या आभारांना उत्तर द्यायचो. मला आलेलं काहीही माझ्याकडे थांबलेलं मला चालत नसे. समोरून दोन ओळी आल्या तर माझ्याकडून चार जायच्या. हा माझा नीटनेटकेपणा आहे अशी माझी समजूत होती.

उन्हं तापायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तकात वाक्य होतं: झाकण उघडण्यापूर्वी यंत्र पूर्णपणे थांबले आहे याची खात्री करा. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. प्रत्येक शब्द ओळखीचा होता, पण वाक्य आत जाईना. बोट ठेवून वाचलं, मोठ्याने वाचलं. स्वतःचाच आवाज ऐकला आणि तो काय म्हणतोय ते कळलं नाही. संध्याकाळी कपाटातलं आवडतं पुस्तक काढलं, कित्येक वेळा वाचलेलं. तिथेही तेच. ओळी डोळ्यांसमोरून जात होत्या आणि मी बाहेरच उभा होतो.

एवढा घाबरलो मी आईच्या आजारातही नव्हतो. वाचता येत नसेल तर नोकरी जाईल, हे तर होतंच. पण नोकरी गेली तरी माणूस उरतो. वाचता येत नसेल तर माझ्यातलं नेमकं काय उरेल, ते मला सांगता येईना.

ताईने धरून ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. मनोविकारतज्ज्ञ, वयाने माझ्यापेक्षा लहान बाई, टेबलावर पाण्याची बाटली सोडून काहीच नाही. मला तेही संशयास्पद वाटलं. कागद नसलेलं टेबल म्हणजे काय?

"शेवटची सुट्टी कधी घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"आई गेली तेव्हा."

"ती सुट्टी नव्हती."

मग त्यांनी सांगितलं की हा मेंदूचा बिघाड नाही, दमणं आहे. खूप दिवस न थांबता काम केल्याने आलेलं, आणि त्याच्याखाली दुःख तसंच पडून आहे. झोपेसाठी एक गोळी दिली, सकाळी चालायला सांगितलं आणि जूनअखेरपर्यंत काम पूर्ण बंद. "जबरदस्तीने वाचून बघू नका. मुरगळलेला पाय बरा झाला का ते कोणी पळून बघत नाही. आणि रोज एखादी गोष्ट अपुरी सोडून द्यायची. मुद्दाम."

"म्हणजे कसली?"

"कसलीही. तुम्हाला सुचेल."

चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला गोष्टी अपुऱ्या सोडायला सांगणाऱ्या डॉक्टरवर किती विश्वास ठेवायचा? घरी येऊन मी चहाचा कप मुद्दाम न विसळता ठेवला. थोड्या वेळाने उठलो आणि विसळून आलो.

ऑफिसमधल्या मॅडमनी फोनवर म्हटलं, "अजिबात काळजी करू नका, तुमची जागा कुठे जात नाही." तेव्हाच मी समजलो की जागा जाणार. नाहीतर तिचा विषय कशाला निघाला असता? ऑफिसातली एक मुलगी दर आठवड्याला माझी विचारपूस करायला फोन करू लागली. आवाज गोड, अगदी औषधाला लावलेल्या साखरेसारखा.

"सर, कसं वाटतंय आज? एक ते दहामध्ये सांगा ना प्लीज."

मी आधी विचार करून ठेवलेला असायचा. फार खाली सांगितलं तर हा माणूस आता कामाचा नाही असं ठरेल, वर सांगितलं तर उद्याच बोलावतील. "सहा," मी सांगायचो.

"वा सर, मागच्या वेळीही सहाच होतं! म्हणजे स्टेबल आहे."

स्टेबल हा शब्द मी नंतर बराच वेळ उलटसुलट करून बघितला.

आता डब्याकडे येतो.

घरात माणूस गेलं की आमच्याकडे चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणून देतात. त्या दिवसांत आमच्या ओट्यावर साऱ्या बिल्डिंगची भांडी जमली होती. कोणाचा पिठल्याचा टोप, कोणाचा भाताचा कुकर, कोणाची कढी घातलेली किटली. सुतकाच्या घरातून काही बाहेर जात नाही, म्हणून ती भांडी नुसती घासून परत करतात. ताईने ती सगळी पोचवली. एक डबा तेवढा मागे राहिला. मध्यम आकाराचा, झाकण घट्ट, बाजूला एक पोचा. ताई म्हणाली, "हा शेजारच्या काकूंचाच असणार. बाकी सगळ्यांची भांडी गेली." आणि ती कल्याणला गेली.

तोवर तेरावा होऊन गेला होता. सुतक संपलं होतं, म्हणजे नेहमीचे नियम पुन्हा लागू. आणि आईचा नियम असा होता की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची. भांडं रात्रभर आपल्याकडे ठेवायचं नाही हा त्याला जोडलेला दुसरा नियम. लहानपणी मी हातात वाटी घेऊन जिने चढलो-उतरलो आहे. वाटीत कधी दोन लाडू, कधी नुसती साखर. मी डब्यात साखर घातली आणि काकूंच्या दारात नेऊन दिली. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तोच डबा मुगाची खिचडी भरून परत आला.

तेव्हा मी कामात बुडालेलो होतो. खिचडी खाल्ली, डबा घासला, दोन केळी घातली आणि परत केला. तिसऱ्या दिवशी तो उसळ घेऊन आला. थंडी अशीच गेली. शेजारी चांगले आहेत एवढंच तेव्हा डोक्यात आलं. संशय घ्यायलाही माणसाला थोडी फुरसत लागते. ती मला रजेने दिली.

रजेवर आलो आणि मी डब्याचा विचार करू लागलो. माणसं इतके महिने रोज काही देतात ती कशासाठी? काकूंचे यजमान, काका, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले; सकाळी एमआयडीसीकडून वारा सुटला की नाक वर करून आज कुठल्या कंपनीने काय सोडलंय ते सांगायचे. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालली होती आणि काकांना सगळ्यांची संमती हवी होती. हे एक कारण झालं. मी जिन्यात काकांना टाळू लागलो.

मग एकदा काकू डबा देताना नेहमीसारख्या वळल्या नाहीत. "माझी एक भाची आहे आंबिवलीला," त्या म्हणाल्या. "एकटीच असते. तुझ्यासारखीच, पुस्तकांत डोकं घालून."

"हो का," मी म्हणालो आणि दार लावलं. म्हणजे हे दुसरं कारण. आई गेली, घर रिकामं, मुलगा नोकरीवाला, दारू-सिगरेट नाही. त्या दिवशीच्या वालाच्या बिरड्याची चवही मला हेतुपूर्वक चांगली केल्यासारखी लागली.

तिसरं कारण रविवारी मिळालं. ताई आली होती. माझ्या गळ्याजवळची हाडं बघून ती म्हणाली, "जेवतोस तरी का नीट? बिरडं तरी सगळं संपवलंस की टाकलंस?"

"तुला बिरडं कोणी सांगितलं?"

"अरे, वास येतोय ना घरात."

"बिरडं गुरुवारी होतं, ताई."

ती एकदम उसळली. "हो, करते मी काकूंना फोन! काय गुन्हा केला? तू माझा फोन उचलत नाहीस, उचललास तर 'बरा आहे' म्हणून ठेवून देतोस. मला कल्याणला बसून कसं कळणार तू जिवंत आहेस का?"

"मग डबे तू पाठवायला सांगतेस?"

"डबे? मी कशाला सांगेन? त्या आपणहून पाठवतात. आणि तू पण पाठवतोस म्हणे काय काय. दमलेला माणूस आहेस ना तू?"

शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. माझा संशय एका जागी तरी खरा निघाला होता, आणि त्याचं मला जवळजवळ समाधान वाटत होतं. माझ्यावर पाळत होती.

ताईच्या त्या वाक्याकडे लक्ष दिलं असतं तर पुढचे काही आठवडे वाचले असते. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलेला माणूस मी. आणि माझा दिवस असा जात होता. सकाळी चालायला म्हणून निघायचो तो बाजारात जायचो, कारण आज डब्यात काय घालायचं हा प्रश्न डोळे उघडल्याबरोबर समोर असायचा. साखर पहिल्या दिवशी चालली. खिचडीला केळी चालली. पण काकूंकडून घावन आणि नारळाचं दूध आल्यावर बेकरीची खारी देणं बरं दिसेना. मी दडपे पोहे करायला लागलो. शेंगदाण्याची चटणी कुटली. शिरा केला, आधी गुठळ्यांचा, मग बरा. चिकू घेतले तर पिकलेले की कच्चे यावर गाडीपाशी उभं राहून विचार करायचो. संध्याकाळच्या आत डबा परत गेला पाहिजे, आणि आला त्याहून हलका जाता कामा नये. दुपारभर ओट्यापाशी उभा राहून मी घामाघूम व्हायचो, डबा पोचवून आलो की आडवा व्हायचो आणि मनात म्हणायचो, ही बाई मला सुखाने आजारी पडू देत नाही.

पुस्तकांच्या कपाटासमोरून जाताना मी मान खाली घालायचो.

अक्षय्य तृतीयेला डबा आमरसाने भरून आला. आई गेल्याचं वर्ष व्हायचं होतं, घरात सण नव्हता. मी उभ्याउभ्याच आमरस खाल्ला. डबा घासला, पुसला आणि ओट्यावर उपडा ठेवला. आमरसाच्या बदल्यात काय द्यायचं? शेवटी आठवला आईचा गूळ घातलेला नारळीभात. तो मी नुसता खाल्लेला होता, होताना कधी बघितला नव्हता. ती तो करायची तेव्हा मी आतल्या खोलीत वाचत असायचो.

गूळ पातेल्यात विरघळला, वर आला, आणि मी नारळ खवत असताना करपला. घरभर धूर झाला. मी गॅस बंद केला आणि फरशीवर बसलो. उठायचं आहे हे कळत होतं. दुसरं पातेलं घ्यायचं, गूळ पुन्हा चिरायचा, आणि सूर्य मावळायच्या आत डबा द्यायचा. पण त्या वॉशिंग मशीनच्या वाक्यासमोर बसलो होतो तसाच बसलो होतो.

दार धूर जायला उघडं टाकलं होतं. त्यातून काका आत आले.

"काय रे, जिवंत आहेस ना? धूर कसला?"

"गूळ करपला."

"उत्तम झालं." त्यांनी आईच्या पलंगाशेजारचं स्टूल ओढून आणलं आणि माझ्यासमोर बसले. "तुझ्याशी बोलायचंच होतं, पण तू मला बघितलंस की जिन्यात उलटा फिरतोस. माझं एक काम कर. हा डबा पाठवणं बंद कर. केळी, चिकू, शिरा, अरे काय लावलंयस काय? माझी डॉक्टरीण रिपोर्ट बघून विचारते, काका, घरात लग्नकार्य आहे का? माझी शुगर वाढवून तुला काय मिळणार आहे?"

मला राग आला. कित्येक दिवसांनी आला. "तुम्ही पाठवता म्हणून मी पाठवतो."

"आम्ही? तू पाठवतोस म्हणून ही पाठवते! त्याचा डबा रिकामा कसा परत करू म्हणते. रोज सकाळी माझ्या डोक्याशी तेच, आज त्याच्या डब्यात काय घालू."

"माझा डबा?"

"मग कोणाचा?"

"तो तुमचा आहे काका."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग तिथूनच, दोन्ही उघड्या दारांतून, त्यांनी हाक मारली, "अगं ए! जरा इकडे ये. हा काहीतरी वेगळंच सांगतोय."

काकू पिठाच्या हातांनीच आल्या. त्यांनी आधी पातेल्यात डोकावलं. "गूळ? अरे, वर्ष व्हायचंय अजून आईचं. तुला सणाचं गोड करायला कोणी सांगितलं?"

"ते राहू दे. हा म्हणतो डबा आपला."

"काहीतरीच काय. आपल्या सगळ्या डब्यांना कड्या आहेत. ह्याला कुठे आहे कडी?" त्या माझ्याकडे वळल्या. "तू साखर घालून आणून दिलास ना? मला वाटलं, तुझाच. म्हणून खिचडी घालून परत केला. तर तू त्याच संध्याकाळी पुन्हा माझ्याकडे."

"मग विचारलं नाहीत कधी?"

काकू हाताचं पीठ बोटांनी काढत राहिल्या. "मला वाटलं, आईचा डबा आहे. तुला घरात बघवत नाही. ठेवून घे म्हणून कसं सांगायचं? तू पाठवायचास, मी परत पाठवायचे. म्हटलं, एक दिवस ठेवून घेईल."

बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.

मग मी उरलेलं सगळं विचारून टाकलं. करपल्या वासात फरशीवर बसून संकोच बाळगण्यात अर्थ नव्हता. संमतीचं काय, मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "तुझ्या आईने आजारी पडण्याआधीच्या मीटिंगलाच हात वर केलेला. पहिला हात तिचा होता. लिफ्ट पाहिजे म्हणाली, माझा मुलगा पुस्तकांची ओझी वाहतो." आणि आंबिवलीची भाची?

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे बाबा, ती माझ्याएवढी म्हातारी दिसते! रिटायर झाली. लहान जागेत चाललीय, पुस्तकं कोणाला देऊ विचारत होती. ही म्हणाली, शेजारी एक जण आहे."

"तू तोंडावर दार लावलंस माझ्या," काकू म्हणाल्या. "तेव्हाच म्हटलं, ह्याला पुस्तकं पण नकोशी झाली की काय."

"मग डबा कोणाचा?" काकांनी विचारलं.

"उलटा करून बघ," काकू मला म्हणाल्या. "नाव घातलेलं असेल की."

भांड्यांवर नाव घालून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बारीक टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव. इतके महिने तो डबा मी रोज घासला होता, रोज उपडा ठेवला होता. छापलेली प्रत्येक गोष्ट तपासायची सवय असलेल्या मला त्याचा तळ वाचायचं सुचलं नव्हतं. मी उठलो आणि डबा खिडकीशी नेला.

खाली स्पष्ट दिसत होतं ते फक्त 'सप्रेम भेट'. त्याच्या वर आणि खाली एकेक नाव होतं, पण कोणीतरी वर्षानुवर्षं घासून ती पुसत आणली होती. वरच्या नावात एक वेलांटी होती, पहिली की दुसरी ते कळत नव्हतं. मी डबा कलता धरला. उजेड तिरका पडला की काही टिंबं चमकायची आणि बाकीची जायची. शेवटचं अक्षर र असावं, किंवा स. स असता तर मधल्या रेघेची टिंबं कुठेतरी उरली असती. ती नव्हती, पण एक ओरखडा होता, तो रेघेचा की तारेच्या काथ्याचा? मी डबा फिरवला, कपड्याने पुसला, पुन्हा धरला. खालच्या नावात आडनाव असणार, कारण तिथे जागा जास्त होती. पहिलं अक्षर गेलंच होतं. दुसरं मी शेंडीसकट शोधून काढलं.

मान दुखायला लागली तेव्हा मी वर बघितलं. खिडकीतलं ऊन गेलं होतं. काकू केव्हातरी जाऊन हात धुऊन परत आल्या होत्या आणि काका स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"इतका वेळ काय करत होतास मग?"

मी काय करत होतो ते मला कळलं होतं, आणि मोठ्याने म्हटलं तर ते पळून जाईल अशी भीती वाटत होती.

काकूंनी हात पुढे केला. "आण इकडे. बिनमालकाचा आहे, माझ्याकडे राहू दे. लागेल त्याने वापरावा."

मी डबा त्यांच्या हातात दिला. पण माझा हात तसाच राहिला, त्याला धरून. रिकाम्या डब्याचं वजन माझ्या हाताला सहन होत नव्हतं. "एक मिनिट, थोडी साखर तरी..."

"एक दाणा टाकलास तर बघ!" काका ओरडले.

मी हात सोडला. डॉक्टरांनी सांगितलेली अपुरी गोष्ट ती हीच असावी, हे मला फार नंतर सुचलं. त्या वेळी फक्त अपमान झाल्यासारखं वाटलं, आईचा आणि माझा.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. मी दारामागे उभा होतो. त्यांना राग आला असेल का, हा विचार आलाच. इतक्या दिवसांची सवय एका दिवसात जात नाही. बराच वेळ उभा राहून मी आत आलो. ओटा मोकळा होता. बाजारात जायचं नव्हतं, परत काही करायचं नव्हतं. दुपार एवढी मोठी असते हे मी विसरलो होतो. आईच्या पलंगावर जाऊन बसलो. तिच्या आजारात मी शेजारीच होतो, पण माझं तोंड लॅपटॉपकडे होतं. तिच्या जागेवरून खोली कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. तिथून स्टूल ठेवायची जागा दिसत होती आणि तिच्यामागे माझ्या पुस्तकांचं कपाट. आई वर्षभर माझ्या पाठीकडे आणि त्या कपाटाकडे बघत होती. मी तिथे बसून रडलो. पुढच्या दुपारीही. कोणाला काही परत करायचं नव्हतं, म्हणून वेळ होता.

त्या आठवड्यात ऑफिसच्या मुलीचा फोन आला. "सर, एक ते दहामध्ये?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

ती थोडी गोंधळली. मग आवाजात साखर न घालता म्हणाली, "ओके सर. काय हरकत नाही. मला पण कधीकधी नसतं माहीत." तिच्यावर संशय घेण्यात मी उगाचच इतका वेळ घालवला होता असं तेव्हा वाटलं. उगाचच नसेलही, अजून मी खात्रीने सांगणार नाही.

आंबिवलीहून पुस्तकांची खोकी टेम्पोने आली. काकूंच्या भाचीने फोनवर बजावलं की आभार वगैरे मानायचे नाहीत, जागा मोकळी झाली तेवढं पुरे. मी मानले नाहीत. दोन दिवस जिभेवर होते, मग गेले. खोकी मी भिंतीशी लावून ठेवली आणि उघडली नाहीत, कारण मुरगळलेल्या पायाचं मला आता पटलं होतं. नंतर एक उघडलं. एखादी ओळ वाचायची आणि मिटायचं. काही दिवस आत जाता यायचं, काही दिवस नाही. ज्या दिवशी नाही त्या दिवशी पुस्तक उपडं ठेवून मी गॅलरीत जाऊन बसायचो.

जूनअखेरीस मॅडमना फोन करून सांगितलं की सध्या अर्धा वेळच येईन. जागा गेलेली नव्हती. त्यांनी होकाराची मेल पाठवली, शेवटी शुभेच्छा होत्या. शुभेच्छांना मी उत्तर दिलं नाही. ती मेल अजूनही तशीच आहे, शेवटचा शब्द त्यांचा. आता कामावर कोणी माझे आभार मानले की मी ते ठेवून घेतो. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटायचं.

एकदा घरी चटणी जास्त झाली. मी काकूंकडून तो डबा मागून आणला, चटणी भरून नेऊन दिली. काही कारण नव्हतं. काकांनी दारातच तपासून घेतलं, "गोड नाही ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बेलचा आवाज झाला तो एकदम लांबलचक, कोणीतरी बोट दाबून धरल्यासारखा. मी दचकून उठलो. दारात काकू होत्या, हातात डबा.

"झोपला होतास का रे? कधीची उभी आहे. तिसरी बेल ही."

"नाही," मी म्हणालो. "वाचत होतो."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. हे ताईला आजच्या आज कळणार हे मला दिसत होतं. डबा त्यांनी माझ्या हातात ठेवला. "घे. रिकामा आहे हो अगदी. उघडून बघ हवं तर."

मी उघडून बघितलं नाही. डबा ओट्यावर ठेवला आणि आत गेलो. पुस्तक उशीवर पडलं होतं, मी टाकून उठलो होतो तसंच, उघडं.